सावत्र आईची छत्री

सन दोन हजार एकोणीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, वैशाख तापला होता, आणि कोणी मला काही नवीन शिकवावं अशी माझी बिलकुल इच्छा नव्हती.

हे आधीच सांगून ठेवतो. आपल्या मंडळाचे दिवाळी अंकवाले घरी आले आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही नुसतं बोला, आम्ही लिहून घेतो आणि नीटनेटकं करतो." मी म्हटलं, लिहीन तर मीच लिहीन, आणि नीटनेटकं तर अजिबात करायचं नाही. नीटनेटकं करण्यापायीच एकदा माझी फजिती झाली आहे. तीच सांगणार आहे. शाळा चौथीपर्यंत, तीही मध्ये मध्ये बुट्टी मारून. तेव्हा शब्द वाकडा पडला तर पडू द्या.

धंदा रंगाऱ्याचा. उज्जैनला येणारी माणसं मंगळनाथाला जातात, मंगळाच्या शांतीसाठी भात-पूजा करतात आणि रिक्षात बसून परत फिरतात. तसंच थोडं पुढं गेलं की भैरूगढ लागतं. तिथं दोऱ्यांवर वाळत घातलेल्या चादरी दिसल्या की समजायचं, आलं आमचं गाव. आमचे पूर्वज दक्षिणेतून दरबाराबरोबर इकडे आले, तंबू आणि निशाणं रंगवायला. पुढे दरबार ग्वाल्हेरला गेला. "आपल्याला कोणी सांगितलंच नाही," असं माझे वडील म्हणायचे, "म्हणून आपण इथंच राहिलो." क्षिप्रेच्या काठी राहिलो आणि इथल्या कापड छापणाऱ्या छिपा लोकांकडून मेणाचं काम शिकलो. त्याला आता बाटिक म्हणतात.

बाटिक म्हणजे काय? मेण जिथं लागलं तिथं रंग चढत नाही, इतकंच. पांढरं कापड घ्यायचं, जे पांढरं ठेवायचं त्यावर गरम मेणानं नक्षी काढायची आणि कापड रंगात बुडवायचं. मग उकळत्या पाण्यात मेण काढायचं. ते वर तरंगतं, गोळा करायचं, पुन्हा वापरायचं. पण खरी गंमत तड्यांत. मेण वाळलं की कापड मुठीत चुरगाळायचं. मेण तडकतं, तड्यांतून रंग आत झिरपतो आणि शेवटी केसासारख्या रेषा उमटतात. दोन कापडांचे तडे कधी सारखे येत नाहीत. मुठीत किती जोर, पाणी किती गार, मेणात राळ किती, यावर सगळं. कोळ्याच्या जाळ्याइतके बारीक तडे पाडायचे तर भाऊकडून, असं भैरूगढात लहान पोरही सांगेल. मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

हेही प्रत्येकाला कळत नाही. इंदूरच्या एक बाई लेकीच्या लग्नासाठी चादरी घेऊन गेल्या आणि तणतणत परत आल्या. "भैया, ये तो तड़की हुई है. पूरी चादर में लकीरें हैं." मी म्हटलं, "बाईजी, लकिरी धुऊन काढून दाखवा, पैसे परत." पंधरवड्यानं पुन्हा आल्या, आणखी दोन चादरी मागायला. म्हणाल्या, विहीणबाईंना लकिरीच आवडल्या. गिऱ्हाइकाला आपण समजवायचं नसतं. विहीणबाई समजवतात.

आमच्या कारखान्यात, म्हणजे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एक नियम होता. टेबल माझं, भट्टी हिची. ही म्हणजे आमची मंदा. मेण उकळून काढणं, धुणं, वाळवणं तिचं. ठसा, कुंचला, रंग माझा. तिनं ठशाला हात लावायचा नाही. का, ते मला माहीत नाही. वडिलांच्या वेळेपासून तसंच होतं आणि मी बदलणारा माणूस नाही. मुलगा पुण्याला कंप्युटरमध्ये आहे, तो म्हणतो, "बाबा, तुम्ही मेणाचेच, पण न वितळणारे." असो.

आता त्या दिवसाचं. माधव नगरात राहणाऱ्या देशपांडे मॅडम युनिव्हर्सिटीत शिकवतात. जगाचा पैसा कसा फिरला, कोणी कोणावर राज्य केलं आणि त्यातून कोणाचं काय झालं, असा काहीतरी त्यांचा विषय. माहेर साताऱ्याचं, नवऱ्याच्या बँकेच्या नोकरीमुळं इकडं आल्या आणि इथल्याच झाल्या. दरवर्षी त्या विद्यार्थ्यांना माझ्या शेडमध्ये आणायच्या. वाळत घालायच्या दोरीला चिमटे लावून जगाचा नकाशा टांगायच्या आणि मला म्हणायच्या, "भाऊ, सांगा मुलांना, हे काम कसं करतात." मी सांगायचो. शेवटी माझं ठरलेलं वाक्य होतं, "ही कला उज्जैनची आहे. दुनियेत कुठंही बाटिक दिसलं तर समजा, इथून गेलंय."

मॅडम दरवर्षी हसायच्या आणि गप्प बसायच्या. त्या वर्षी बसल्या नाहीत. "भाऊ, दरवर्षी ऐकून घेते. यंदा भांडणार आहे," असं म्हणून त्यांनी नकाशावर पट्टी ठेवली.

मग जे त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. समुद्रापलीकडं जावा नावाचं बेट आहे. तिथं बायका हातानं मेण लावून कापड करायच्या. त्या बेटावर हॉलंडवाल्यांचं राज्य आलं. आपले जुने लोक त्यांना वलंदेज म्हणायचे. वलंदेजांनी नक्षी पाहिली, आपल्या देशात यंत्र बसवलं आणि तसंच कापड यंत्रावर काढून जावाच्याच लोकांना स्वस्तात विकायला आणलं. पण यंत्रात मेणाऐवजी राळ, ती तडकायची आणि कापडभर रेषा पडायच्या. जावाच्या बायका म्हणाल्या, हे काय तडकलेलं, नको. मग तो माल आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. तिथं राज्य इंग्रजांचं. लोकांना इतका आवडला की आज जग त्याला आफ्रिकेचंच कापड म्हणतं.

"म्हणजे कापूस एकाचा, नक्षी दुसऱ्याची, नफा तिसऱ्याचा," मॅडम मुलांना म्हणाल्या. "त्या किनाऱ्याचे लोक कोको पिकवून पाठवायचे आणि कापड विकत घ्यायचे. आणि आपण हसू नये. याच उज्जैनमधून अफू चीनला जायची."

मी गोंधळलो. अफूचं मला माहीत होतं, आजोबा सांगायचे. पण अफू, कोको, वलंदेज आणि माझं मेण एका दोरीवर टांगलेलं मी प्रथमच पाहिलं. आणि मला मुख्य राग आला तो तड्यांचा. तडा हा माझा दागिना. जावाच्या बायका त्याला खोट म्हणतात?

"मॅडम," मी म्हटलं, "तुमच्या जावाच्या बायकांना विहीणबाई भेटल्या नसतील."

मुलं हसली. एक मुलगी मात्र हसली नाही. ती मागे उभी होती, उंच, काळीसावळी, पंचविशीची. घाना नावाच्या देशातून इथं शिकायला आली होती. तिनं डोक्याला बांधलेलं फडकं सोडलं, माझ्या टेबलावर पसरलं आणि म्हणाली, "काकाजी, ये भी उज्जैन का है?"

फडकं निळं. त्यावर छत्र्यांची रांग, छत्र्यांच्या आत हळदीसारखा पिवळा रंग आणि सगळीकडे जाड जाड तडे. मी हात फिरवला आणि मला वाईट वाटलं. कारण काम कच्चं होतं. पिवळा रंग छत्रीत नीट बसलेला नव्हता, अर्धं बोट डावीकडं सांडला होता. प्रत्येक छत्रीत तसंच. तडे दोरखंडासारखे. मधे मधे पांढरे ठिपके, राळ नीट निघाली नव्हती म्हणून.

मी खरं ते बोललो. "ये उज्जैन का नहीं है, बेटा. उज्जैन का होता तो ऐसा नहीं होता."

तिचं नाव आबेना. तिच्याकडं मंगळवारी जन्मलेल्या मुलीला हेच नाव ठेवतात, असं मॅडमनी सांगितलं. आमच्या हिनं भट्टीवरून लगेच विचारलं, "मंगळ आहे होय हिला? लग्नाचं कसं मग?" मॅडमनी ते इंग्रजीत सांगितलं तशी ती पहिल्यांदा हसली. मी म्हटलं, मंगळवारची आहे आणि मंगळनाथाच्या शेजारी आलीय, म्हणजे आमचीच.

मुलं नकाशा गुंडाळून गेली, ती आणि मॅडम थांबल्या. मग कामाचं बोलणं निघालं. तिची आई कापडाची व्यापारीण होती. त्या बाजूला बाजार बायकांच्याच हाती. हॉलंडच्या गिरणीतून कापड आलं की नाव या बायका ठेवणार. नाव चाललं तर कापड चाललं. या छत्रीच्या कापडाचं नाव तिच्या आईनंच ठेवलेलं, सावत्र आईची छत्री. का, तर ऊन असो की पाऊस, ती सावत्र लेकराच्या डोक्यावर उघडत नाही. मॅडमना हे इतकं आवडलं की त्यांनी वहीत टिपून घेतलं. "परक्याचं राज्य म्हणजे दुसरं काय असतं भाऊ?" म्हणाल्या. मी म्हटलं, "आपल्यांचं राज्यही पाहिलंय मॅडम." त्यांनी तेही टिपून घेतलं.

आई गाठोडी घेऊन बसनं शेजारच्या देशात जायची, तिथून पुढच्या. मी विचारलं, इतके देश बसनं? ती म्हणाली, आता त्या सगळ्या देशांनी मिळून मंडळ केलंय. एकमेकांकडे जायला यायला, माल न्यायला मोकळीक आहे. कागदावर. नाक्यावर शिपाई हात पुढं करतोच. हे मात्र मला लगेच समजलं. आमचे आजोबा उज्जैनहून कापड घेऊन निघायचे, उज्जैन ग्वाल्हेरचं, पुढं इंदूरचं राज्य वेगळं, आणि मधल्या देवासला तर दोन राजे, एकाच गावात. प्रत्येकाचा नाका, प्रत्येकाची चुंगी, म्हणजे जकात. मॅडमनी सांगितलं तेव्हा आबेनाला ते खरंच वाटेना. "एक शहर, दो राजा? लाइन किसने खींची?" मी म्हटलं, ते त्या राजांनाही माहीत नसणार.

आई वारली होती. वर्ष होत आलं होतं. ही इकडे परीक्षेत, तिकीट महाग, जाता आलं नव्हतं. त्यांच्याकडे वर्षश्राद्धासारखं करतात. चर्चमध्ये जमतात आणि घरातली झाडून सगळी माणसं एकाच नक्षीचं कापड घालतात. जो त्या कापडात नाही तो त्या घरातला नाही, असंच दिसतं म्हणे. तिच्या बहिणीनं ठरवलं होतं, आईच्या छत्रीचंच कापड. हिच्या वाटणीचं पार्सल निघालं आणि वाटेत कुठं तरी अडकलं. रविवारी कार्यक्रम. फोनच्या पडद्यावर सगळे दिसणार, ही पण दिसणार. तिच्याजवळ होतं ते फक्त हे डोक्याचं फडकं.

"काकाजी, ऐसा बना दोगे? छह गज."

"सहा वार?" ही भट्टीवरून ओरडली. "अगं, म्हणजे पातळच की!"

आम्ही दोघं एकमेकांकडं पाहत राहिलो. इतक्या लांब, समुद्रापलीकडं, बाईमाणसाला कापड सहाच वार लागतं, याचा मला का कोण जाणे फार आनंद झाला. मी म्हटलं, "बनेगा. इससे अच्छा बनेगा."

चूक तिथंच झाली.

आता वैशाखात बाटिक करणं म्हणजे काय ते सांगतो. उन्हाळ्यात मेण मऊ राहतं, मुठीत दाबलं तर तडकत नाही, वाकतं. म्हणून आम्ही त्या दिवसांत तड्याचं काम घेतच नाही. पण मी शहरातल्या देवास गेटला जाऊन बर्फाची लादी आणली, पोत्यात भुसा घालून, रिक्षावाल्याच्या शिव्या खात. हौदात बर्फ सोडला, कापड त्यात बुडवून हाडं गारठेपर्यंत चुरगाळलं. तडे आले. काय तडे आले! कोळी पाहील तर लाजेल. छत्रीचा ठसा आधीच शेजारच्या सुताराकडून कोरून घेतला होता, मेण त्यानंच लावलं होतं. निळा चढवला, हिनं मेण काढलं, मग मी ठशानं पिवळा भरला, प्रत्येक छत्रीत काठाला काठ लावून, तीळभर बाहेर नाही. पांढरा ठिपका एक राहू दिला नाही. वाळल्यावर दोरीवर टाकलं तेव्हा मीच चार वेळा उठून पाहून आलो. हिनंही पाहिलं. म्हणाली, "छान आहे. पण तिनं हे मागितलं होतं का?"

मी म्हटलं, "तू भट्टी बघ."

आबेना आणि मॅडम आल्या. तिनं कापड हातात घेतलं, फडकं शेजारी ठेवलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग घडी घातली आणि टेबलावर परत ठेवली, अगदी हळू, जसं कोणाचं तरी झोपलेलं मूल परत द्यावं.

"बहुत सुंदर है, काकाजी. पर ये मेरी माँ का नहीं है."

मी म्हटलं, "बेटा, तुम्हारे कपड़े में गलती थी. हमने सुधार दी."

मग तिला हिंदी पुरेना, ती मॅडमशी इंग्रजीत बोलू लागली, भराभर, आणि मॅडम मला सांगत गेल्या. तिच्या देशात आता नकली कापड येतं, चीनमधून, स्वस्त. अगदी साफ, रंग काठाला काठ. त्यानं तिच्या आईचं दुकान बुडवलं. जुन्या बायका खरं कापड ओळखतात ते याच चुकांवरून. रंग सांडलेला पाहिजे, तडे जाड पाहिजेत, ठिपके पाहिजेत. लहानपणी आई तिला मांडीवर घेऊन शिकवायची, बोट ठेवून, हे बघ इथं रंग रेषेबाहेर गेला आहे, म्हणजे खरं.

"आपण ते साफ केलंत, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "तिच्या दृष्टीनं ही नक्कल झाली."

नक्कल! मला! माझा धंदा कोणी बुडवला? सुरतेहून येणाऱ्या मशीनच्या चादरींनी, ज्यांवर तडेसुद्धा छापलेले असतात, प्रत्येक चादरीला तोच तडा त्याच जागी. त्यांना मी आयुष्यभर शिव्या दिल्या. आणि आता मीच नक्कलवाला? शिवाय तिचं खरं म्हणजे तरी काय, वलंदेजांच्या यंत्रानं जावाच्या बायकांची केलेली नक्कलच ना? मग नकलेची नक्कल खोटी कशी, आणि पहिली नक्कल खरी कशी? मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, हाच प्रश्न मी परीक्षेत घालते." म्हणजे त्यांनाही उत्तर माहीत नव्हतं.

मी चिडलो होतो. म्हटलं, "गलती करना हमको नहीं आता. न्यायचं तर न्या, नाहीतर राहू द्या." आबेनानं हात जोडले, आपल्यासारखेच, आणि चपला घालायला वळली. रडली नाही. रडली असती तर मी जास्त अडून बसलो असतो. मी तसाच आहे.

ही भट्टीजवळून उठून आली. ओल्या हातांनी ते फडकं उचललं आणि मला म्हणाली, "अहो, त्या दिवशी सगळे एका कपड्यात बसणार आणि ही पोर एकटी सलवार-कुडत्यात. आईच्या श्राद्धाला परक्यासारखी. चूकच करायची आहे ना? करायचं नाही असं सांगा, येत नाही असं सांगू नका."

आता हे असं बोलल्यावर माणूस काय करणार? मी आबेनाला हाक मारली. "बैठो. चाय पियो."

दुसरं कापड सुरू केलं. जाड तडे सोपे होते, बर्फ आणलाच नाही. विहिरीच्या पाण्यात मेण जेमतेम तडकलं, दोरखंडासारखं. ठिपक्यांसाठी मेण उकळताना हिनं हात आखडता घेतला. निळं झालं. आबेनानं पाहिलं, मान हलवली, हो, असंच.

राहिला पिवळा. तो अर्धं बोट डावीकडं सांडायचा होता. तुम्ही म्हणाल, ठसा अर्धं बोट सरकवून ठेवायचा, त्यात काय? मीही तेच म्हटलं होतं. त्याच निळ्याच्या उरलेल्या एका तुकड्यावर करून पाहिलं. ठसा उचलला, ठरवून बाजूला नेला, खाली आणला, आणि बसला तो बरोबर छत्रीत. पुन्हा केलं. पुन्हा बरोबर. डोळा काठ शोधतो आणि हात डोळ्यामागं जातो. डोळे मिटून पाहिलं, तर ठसा पार छत्री सोडून भलतीकडं. आयुष्यभर ज्या हाताला चूक केली म्हणून वडिलांचा मार बसला, तो हात आता माझंही ऐकेना.

आबेना म्हणाली, मी करू? तिनं केलं. ठसा कलला, पिवळ्याचा लपका झाला. मग ही म्हणाली, "मी बघू?"

मी टेबलापासून बाजूला झालो. तिनं ठसा घेतला, रंगाच्या गादीवर टेकवला, झटकला, खाली आणला आणि वरून मुठीनं एकदा ठोकला. उचलला. काठाला काठ. तीळभर बाहेर नाही.

मी बघतच राहिलो. "तुला कुठून येतं हे?"

"इतकी वर्षं समोर बसून काय डोळे मिटले होते?" ती म्हणाली. आणि मग वैतागून, "आता माझ्याच्यानंही चुकत नाही!"

आम्ही तिघं हसलो, पण कापड तिथंच पडलेलं आणि रविवार समोर. मला काही सुचेना. खरं सांगतो, धंद्यात इतकं गोंधळल्यासारखं मला कधी झालं नव्हतं. चांगलं कसं करायचं ते सगळे शिकवतात. ठरवून, मापात, सारखं वाईट कसं करायचं ते कोणी शिकवत नाही.

युक्ती हिचीच. "तुमचा हात चुकत नाही ना? मग हात राहू द्या. कापड चुकवू." ती टेबलाच्या टोकाला गेली आणि कापडाची किनार धरली. "तुम्ही बरोबर मारा. ठसा टेकायच्या आधी मी ओढते."

पहिल्यांदा तिनं जास्त ओढलं. दुसऱ्यांदा उशिरा ओढलं, रंग फरपटला. मी ओरडलो. ती म्हणाली, ओरडू नका, नीट मारा. तिसऱ्यांदा मी ठसा खाली आणला, अगदी छत्रीवर नेम धरून, आणि टेकायच्या क्षणी कापड अर्धं बोट उजवीकडं सरकलं. उचलून पाहतो तर पिवळा डावीकडं सांडलेला, जसा त्या फडक्यावर होता तसाच.

"अरे वा," आबेना मराठीत म्हणाली. हे ती कधी शिकली देव जाणे.

मग लय लागली. मी मारायचो, ही ओढायची. दुसऱ्या टोकाला आबेना कापड ताणून धरून. प्रत्येक वेळी माझा जीव खालीवर, कारण मी बरोबर करत होतो आणि होत चूक होती. "संसारभर हेच तर केलंय," ही म्हणाली, "तुम्ही नेम धरायचा आणि मी सरकवायचं." मॅडम नेमक्या तेव्हाच आल्या आणि त्यांनी विचारलं, काय चाललंय. मी म्हटलं, "वलंदेजांचं यंत्र चाललंय."

रविवारी दुपारी आम्ही मॅडमच्या माधव नगरच्या घरी जमलो. आबेना ते कापड नेसली होती, कमरेला गुंडाळून आणि वर अंगावर घेऊन, डोक्याला आईचं फडकं. हिनं तिला निऱ्या घालायचा एकदा आग्रह करून पाहिला. मॅडमनी कंप्युटर लावला. तिकडं सकाळ होती. पडदा उघडला, आणि त्यात बायकाच बायका, पुरुष, मुलं, सगळी छत्र्यांच्या कापडात.

मी पुढं वाकून पाहिलं. माझं कापडाकडंच लक्ष जातं, माणसांकडं नंतर. त्या सगळ्यांच्या छत्र्यांत पिवळा रंग काठाला काठ होता. तीळभर बाहेर नाही. ठिपका नाही. अगदी मी पहिलं केलं होतं तसं.

आबेनानंही पाहिलं. तिचा चेहरा उतरला. बहिणीशी बोलली, मग आम्हाला म्हणाली, "वो मिल अब ये नहीं बनाती. दीदी ने चीन वाला लिया. मुझे बताया नहीं." आणि खाली बघून, "सब एक जैसे हैं. मैं ही अलग हूँ."

मी मॅडमकडं वळलो. "मग माझं पहिलं काय वाईट होतं?" मला खरंच समजत नव्हतं. ते पहिलं माझ्या शेडमध्ये घडी करून पडलं होतं. इथं असतं तर पोर सगळ्यांत मिसळून गेली असती. मॅडमनीही हात उडवले.

तेवढ्यात पडद्यावर एक म्हातारी बाई उठून जवळ आली. इतकी जवळ की नुसतं कपाळ आणि डोळा दिसत होता. आबेनाची मावशी. ती काहीतरी म्हणाली. आबेनानं कापडाचा पदर, म्हणजे आमच्या भाषेत पदरच, कॅमेऱ्याजवळ धरला. मावशीनं जरा मागं सरून तिकडच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि एका छत्रीवरून डावीकडं सरकवलं, जिथं रंग सांडला होता तिथपर्यंत. आणि मोठ्यानं रडू लागली. मग मागच्या बायका उठल्या. एक एक येऊन बघायला लागली. स्वतःचं कापड बघायच्या, पोरीचं बघायच्या.

"क्या बोलती है?" हिनं विचारलं.

"बोलती है," आबेना रडत होती आणि हसत होती, "मेरी बहन का कपड़ा पहन के सिर्फ एक आई है, वो भी इंडिया से."

मला कोणी विचारलं असतं की यातलं खरं कापड कोणतं, तर मी सांगू शकलो नसतो. आजही नाही. नक्षी जावाची, यंत्र वलंदेजांचं, राज्य इंग्रजांचं, नाव घानाच्या बाईनं ठेवलेलं, नक्कल चीनची आणि चूक भैरूगढची. मॅडम यावर आता मुलांना पूर्ण तास शिकवतात. माझं ठरलेलं वाक्य मात्र मी बदललेलं नाही. ही कला उज्जैनचीच आहे. मॅडमनी भांडायचं तर भांडावं.

निघताना आबेना म्हणाली, "काकाजी, मौसी पूछ रही है, उनके लिए भी बनेगा? सबके लिए? ऐसा ही?"

मग मी असं वाक्य बोललो जे कारखान्यात कोणी माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. "घर में पूछ के बताता हूँ."

हिनं ऐकलं. रिक्षात बसून घरी येईपर्यंत भाजीच्या भावाचंच बोलत होती. मीही विचारलं नाही. मी सहजासहजी विचारणारा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेड उघडलं, पांढरं कापड टेबलावर पसरलं, पिवळ्याची गादी भिजवली. पांढऱ्यावर पिवळा आधी येत नाही, निळा आधी, हे मला माहीत आहे, पण मी भिजवली. ही दारात पायरीवर चहा पीत बसली होती. मी ठसा उचलला, तिनं ओढायची किनार मोकळी सोडून कापडावर नेम धरला आणि हात तसाच वर ठेवून थांबलो, तिचा चहा संपेपर्यंत.